बांधून ठेवलेली घंटा

“अक्का, बुरा नका मानू… पण ईशूशी मराठीत बोलणं तुम्ही जरा बंद केलंत तर बरं होईल.”

नेहाने हे इतक्या हळू आणि इतक्या जपून म्हटलं की तव्याशी उभ्या असलेल्या बकुळाअक्कांना ते आधी नीट कळलंच नाही, आणि कळलं तोवर पोळी एका बाजूने काळी पडली होती. त्यांनी ती निमूटपणे आपल्या ताटात टाकली. करपलेली पोळी त्या घरात नेहमी अक्कांच्याच ताटात जाई, आणि गेल्या चौतीस वर्षांत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ विपुल टेबलाशी मोबाइल बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही, यावरूनच अक्कांनी ताडलं की नवरा-बायकोचं आधी ठरलेलं आहे. “फक्त तिचं फ्रेंच बसेपर्यंत, अक्का,” नेहा घाईघाईने पुढे म्हणाली, “एकदा फ्रेंच बसलं की मग खुशाल बोला.” अक्का “बरं” म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात नि आपलेच ओठ!

गोष्ट अशी झाली होती की देवासला ईशूच्या, म्हणजे नेहा-विपुलच्या ईशानीच्या शाळेने यंदा तिसरीपासून फ्रेंच सुरू केलं. संस्कृत हवं की फ्रेंच, असा कागद घरी आला आणि नेहाने क्षणाचाही विचार न करता फ्रेंचवर खूण केली. आठ वर्षांच्या पोरीला फ्रेंच कशाला, हे विचारायला सगळी कॉलनी पुढे होती. पण नेहाच्या पोटात काय दुखत होतं ते कुणाला ठाऊक होतं? धारच्या हिंदी शाळेत पहिली येणारी ही मुलगी, इंदूरला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेली तेव्हा इंग्रजीतल्या एका साध्या प्रश्नाला तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि समोरच्या चौघांपैकी एकजण हसला. ते हसू तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आपली ईशानी कुणापुढे अशी मुकी उभी राहणार नाही, हा तिने मनाशी केलेला पण होता, आणि आईच्या अशा पणाला वाईट तरी कसं म्हणावं?

आणि जूनच्या शेवटी फ्रेंचच्या पहिल्याच तोंडी परीक्षेत ईशानीला दहापैकी तीन मिळाले. स्वयंपाकघरातल्या वस्तू सांगायच्या होत्या. पोरीने सुरुवात झोकात केली, “ला क्युइयेर” म्हणून चमचा सांगितला, आणि मग गाडी सुटली ती थेट उलथणं, झारा, सांडशी अशी घरच्या रुळावर! सगळा वर्ग खो-खो हसला. घरी येऊन ईशानी रडली, आणि त्या हसण्याचं ऐकून नेहा मनातल्या मनात पुन्हा इंदूरच्या त्या खुर्चीवर जाऊन बसली. दुसऱ्याच दिवशी ती शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंकडे गेली. बाईंनी ठासून सांगितलं, घर में इतनी भाषाएँ रखोगे तो बच्ची कन्फ्यूज होगी ही. हिंदी चलेगी, इंग्लिश चलेगी, यह मराठी फिलहाल हटाइए.

आता मराठी हटवायची म्हणजे अक्कांनाच हटवायचं होतं, कारण त्या घरात मराठी होती ती अक्कांपाशीच. विपुल-नेहा एकमेकांशी बोलत ते अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि वर मालवीची फोडणी. अक्कांची मराठी मात्र पणजोबा देवासच्या दरबारी दप्तरात कारकून होते तेव्हापासून जशी घरात आली तशीच राहिली होती. ईशानी बोलायला शिकली ती त्यांच्याच कडेवर. अक्का स्वयंपाक करता करता एकेक वस्तू उचलून विचारत, “हे काय गे, ईशू?” आणि ती बोबडी उत्तरं द्यायची. सहा वर्षांच्या विपुलला मागे ठेवून आई वारली आणि तो गप्पच झाला, तेव्हा बावीस वर्षांच्या अक्कांनी त्यालाही असंच बोलतं केलं होतं. धारहून चालून आलेलं स्थळ भावाला कोण सांभाळणार म्हणून परत पाठवलं आणि शिवणयंत्र पुढ्यात ओढलं. त्याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही आणि कुणी त्यांना कधी विचारलंही नाही.

पाच दिवस अक्कांनी ईशानीशी हिंदीत बोलून पाहिलं. त्यांना हिंदी येत नव्हती असं थोडंच आहे? भाजीवाल्याला “भिया, ठीक से तौल” म्हणून दमात घेणारी बाई ती! पण भावाच्या लेकीच्या केसांत तेल घालताना, ती पडली तर फुंकर घालताना, हिंदी ओठांशी येऊन अडायची आणि मागून मराठीच बाहेर पडायची. तशी मराठी बाहेर पडली की दारात उभ्या नेहाचा चेहरा उतरे. नेहा बोलत काही नसे, आणि तेच अक्कांना जास्त लागे. ही पोर पुन्हा वर्गात हसं होऊन आली तर ते आपल्या तोंडामुळे… या विचाराने त्यांना दोन रात्री डोळा लागला नाही.

आषाढी एकादशीला सकाळी देवापुढे निरांजन लावून अक्कांनी जाहीर केलं की यंदा चातुर्मासाचं मौन धरते आहे. कार्तिकीपर्यंत बोलणार नाही.

घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. अक्कांचे नेम ठरलेलेच असत. एका चातुर्मासात वांगं सोडलं होतं, एकदा एकभुक्त राहिल्या होत्या, त्यांच्या आईने तर म्हणे चार महिने मौनाने जेवण केलं होतं. विपुल कौतुकाने म्हणाला, अक्का तू तो कमाल है. नेहाने वाकून नमस्कार केला, आणि मनातून तिला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोला. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते, म्हणून अक्कांनी बाजारातून वीतभर पितळी घंटा आणली, व्रत पुरं होण्याआधी वाजू नये म्हणून आतला लोलक सुती दोऱ्याने बांधला आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. कार्तिकीला सगळ्यांनी नेमावरला जायचं, नर्मदेच्या काठी देवळात ती घंटा बांधायची, आणि ती वाजली की आत्याबाई बोलणार, असं विपुलने ईशानीला समजावलं.

मोठ्या माणसांना काही सांगायचं झालं तर अक्का पाटीवर लिहीत. ईशानीसाठी मात्र त्यांनी पाटीलाही हात लावला नाही. लिहिलं तरी ते मराठीच होणार! तिच्यासाठी उरल्या नुसत्या खुणा आणि डोळे. पहिल्या दिवशी पोरीने “आत्याबाई, गोष्ट” म्हणून पदर ओढला तेव्हा अक्कांनी तोंडावर बोट ठेवलं, आणि मग देवघरात जाऊन तोच पदर तोंडात धरला. घर मोठं शांत झालं होतं. कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटे.

आणि अशात एक नवल घडलं. पंधरा दिवस रुसून बसलेली ईशानी एके संध्याकाळी फ्रेंचचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली, ओट्याखाली पाट टाकून बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. अक्का भाजी चिरता चिरता ऐकू लागल्या. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. मग तिने अक्कांचाच खेळ उलटा फिरवला. पेला उचलून “हे काय?” असं स्वतःच विचारायची, स्वतःच फ्रेंचमध्ये उत्तर द्यायची, आणि अक्कांनी मान डोलावेपर्यंत तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. पाणी झालं, मीठ झालं, खिडकी झाली, पावही झाला. सांडशीपाशी मात्र गाडी अडली. तिने शाळेत फ्रेंचच्या उर्वशीमिसना विचारलं, तर त्यांनाही सांडशीचं फ्रेंच येईना. फ्रेंच लोक गरम पातेलं हातानेच उचलत असतील, असा ईशानीने निकाल दिला, आणि अक्कांना तोंडावर पदर धरून हसू दाबावं लागलं. मौनात हसलेलं चालतं की नाही, हे त्यांनी शास्त्राला विचारलं नाही!

दिवाळीनंतर सहामाहीचा निकाल लागला. फ्रेंचमध्ये पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! नेहा शाळेतून येता येता पेढे घेऊनच आली. पहिला पेढा देवाला, दुसरा अक्कांच्या हातावर. ईशानी अक्कांकडे टक लावून बघत उभी होती, श्वास रोखून, कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी. अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली, पण ओठ उघडले नाहीत. पोर तोंड वळवून आत निघून गेली. अक्कांना वाटलं, दमली असेल.

त्या संध्याकाळी कपडे वाळत घालताना त्यांनी खिडकीतून नेहाचे शब्द ऐकले. ती विपुलला सांगत होती, बघितलंस, घरात मराठी थांबली आणि लगेच फरक पडला. अजून वर्षभर असंच राहिलं तर पोरगी कुठल्या कुठे जाईल. तिच्या स्वरात कपट नव्हतं, नुसता आनंद होता, आणि म्हणूनच तो अक्कांच्या आरपार गेला. हातातला ओला फ्रॉक दोरीवर टाकायचा राहून गेला… म्हणजे खरंच आपलं बोलणंच पोरीच्या आड येत होतं! चार महिने त्यांनी एकेक दिवस बोटावर मोजून काढला होता, कार्तिकीला ईशूला पहिली हाक कशी मारायची तेसुद्धा मनात शंभरदा घोकून ठेवलं होतं. पण तिचं भलं जर याच्यातच असेल तर आपल्या हाकेचं काय एवढं? त्यांनी फ्रॉक नीट झटकून दोरीवर घातला, चिमटे लावले आणि कसला तरी निश्चय करून त्या आत गेल्या.

कार्तिकी एकादशीच्या सकाळी गाडी दारात उभी होती. नेमावर इथून तीन-साडेतीन तासांवर, म्हणून नेहाने साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू असं सगळं बांधून घेतलं होतं. अक्का बाहेर आल्या त्या रोजच्याच लुगड्यात, हातात पाटी घेऊन. नेहाला मराठी वाचायला वेळ लागे. ती एकेक शब्द लावत मोठ्याने वाचू लागली. “मी… येत नाही. मौन… माघापर्यंत… वाढवलं आहे.”

ती पुढे काही म्हणणार तोच आतल्या खोलीतून घंटा वाजली.

एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. ईशानी दोन्ही हातांनी ती घंटा हलवत बाहेर आली. लोलकाचा सोडलेला दोरा तिच्या मनगटात अडकला होता.

“वाजली,” ती म्हणाली. “आत्याबाई, घंटा वाजली. आता बोल.”

अक्कांनी हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

“पण मला फ्रेंच आलं ना!” पोरीचा आवाज फुटला. “आई म्हणाली होती, फ्रेंच बसेपर्यंतच. मी दाराआड होते, मी ऐकलं होतं. तू बोलावंस म्हणून मी सगळं पाठ केलं. मला अठ्ठेचाळीस पडले… अजून किती पडायला हवेत? पन्नास पडले की बोलशील?”

घंटा तिच्या हातून निसटली आणि फरशीवर गडगडत अक्कांच्या पायाशी गेली. आत्या पोरीच्या फ्रेंचसाठी मुकी झाली होती, आणि पोर आत्याच्या बोलण्यासाठी फ्रेंच शिकत होती! पोर जितकी शिकली तितकी आत्या जास्त मुकी होत गेली, आणि एका छपराखाली राहून हे चौघांपैकी एकालाही कळलं नव्हतं.

“अक्का,” नेहा कशीबशी म्हणाली, “हे व्रत… माझ्यामुळे होतं?”

अक्कांनी वाकून पायाशी पडलेली घंटा उचलली. विपुलने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. त्या दिवशी आपण टेबलाशीच होतो आणि मान वर केली नाही, हे त्याला आता लख्ख आठवलं असावं, कारण चाळिशीचा तो गृहस्थ तिथल्या तिथे पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. अक्का सवयीने त्याच्याकडे धावणार होत्या. पण नेहाने त्यांचा हात धरला.

“मला सांगू द्या, अक्का. निकालाच्या दुसऱ्या दिवशी उर्वशीमिस मला म्हणाल्या की घरी कुणीतरी हिचं रोज बसून ऐकतं, म्हणून हिची जीभ इतकी मोकळी झाली. त्या म्हणाल्या, घरची भाषा आड येत नाही, उलट तिच्याच आधाराने मूल दुसरी उचलतं. मी ते घरी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी चूक झाली हे कबूल करावं लागलं असतं… आणि मी मात्र दुसऱ्यांकडे विचारत फिरले. काखेत कळसा नि गावाला वळसा!” तिने आपल्या ओढणीने पाटी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत पुसली. “गाडीत बसा. माघाचं नाव नको.”

अक्का गाडीत बसल्या, पण बोलल्या नाहीत. व्रत बहाण्याचं असलं तरी शब्द देवापुढे दिलेला होता, तो देवापाशीच सुटायला हवा. चापडा गेलं, कन्नोद गेलं, खातेगाव गेलं. ईशानी त्यांच्या मांडीवर बसून होती आणि वाटेत घंटा वाजू नये म्हणून तिने लोलक मुठीत घट्ट धरून ठेवला होता. मूठ घामेजली तरी तिने ती सोडली नाही.

नेमावरला एकादशीची गर्दी होती. गुरुजींनी संकल्प सांगितला, घंटा देवळात टांगली, आणि अक्कांनी ती वाजवली. मग चौघंही घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पुढे नर्मदेचं पात्र उन्हात पसरलं होतं, पलीकडच्या काठाला दोन नावा उभ्या होत्या. सगळे अक्कांच्या तोंडाकडे बघत होते, आणि अक्कांना काही सुचेना. घोकून ठेवलेली हाक आठवेना. चार महिने न वापरलेल्या वाटेवर गवत उगवावं तसं काहीतरी झालं होतं.

तेव्हा ईशानीने बोट करून विचारलं, “आत्याबाई, हे काय?”

“नदी,” अक्का म्हणाल्या. आवाज इतका घोगरा होता की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “नदी गे, ईशू.”

पोरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. अक्का तिला थोपटत राहिल्या, आणि मग जरा वेळाने, चोरी कबूल करावी तशा हळूच म्हणाल्या, “आणि तुझ्या मिसबाईंच्या बोलीत… ला रिव्हिएर.”

नेहाने चमकून वर पाहिलं. अक्कांचं बोट नावेवर गेलं, “ल बातो.” आभाळाकडे गेलं, “ल सिएल.” पाण्याकडे आलं, “लो.” एकही शब्द चुकला नाही.

“तुला येतं?” ईशानी डोळे विस्फारून म्हणाली.

“रोज ऐकत होते ना मी. तोंड बंद होतं, कान थोडेच बंद होते? सांडशीचं मात्र अजून कळलं नाही गे.”

“मिसनासुद्धा येत नाही!”

“मग सांडशीच म्हणावं त्यांना. आपला एखादा शब्द त्यांनाही येऊ दे.”

नेहा उठून अक्कांच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली. तिने नावेकडे बोट केलं. मग तिने विचारलं, अगदी आठ वर्षांच्या मुलीसारखं, “अक्का… चप्पूला मराठीत काय म्हणतात? मला येत नाही.” हे ‘येत नाही’ तिने आजवर कुणासमोर म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणताना कुणी हसलं नाही.

“वल्हं,” अक्का म्हणाल्या.

“वल्हं,” नेहा म्हणाली. आणि मग डोळे पुसून पुन्हा एकदा, “वल्हं.”

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं होतं. अक्का तव्याशी उभ्या राहून चार महिन्यांचं साठलेलं एकदमच बोलत होत्या, ईशानी मध्येच फ्रेंच घुसडत होती, नेहा हिंदीत दोघींना दटावत होती, आणि या गडबडीत एक पोळी करपली. अक्कांनी ती सवयीने आपल्या ताटाकडे नेली. विपुलने हात पुढे करून ती त्यांच्या हातून काढून घेतली, आपल्या ताटात ठेवली, मोबाइल टेबलावर उलटा केला आणि तो जेवायला लागला.